आधी नाव सांगायचं

शिबिराचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लागला, तेव्हा त्यावर अकरा चेहरे होते आणि त्यातल्या एकालाही माईकची वायर कुठून निघून कुठं जाते हे माहीत नव्हतं. मधोमध संस्थेच्या अध्यक्षा माधवीताई घाडगे, हात जोडून. आजूबाजूला मार्गदर्शक, प्रेरणास्थान, स्वागतोत्सुक. खाली पिवळ्या पट्टीत 'बालगायक व वादकांसाठी स्टुडिओ रेकॉर्डिंग उन्हाळी शिबिर'. आणि त्याच्याही खाली, फ्लेक्स बांधायच्या सुतळीखाली निम्मं झाकलेलं एक नाव: 'तांत्रिक साहाय्य, ज्योत्स्ना ओहोळ'. भर मे महिन्यात दहा दिवस बावीस पोरांना शिकवणार होती ती एकटी ज्योत्स्ना. आणि तिचं म्हणे तांत्रिक साहाय्य!

ज्योत्स्नानं फ्लेक्स वाचला, स्कूटर सावलीला लावली आणि मुकाट्यानं आत गेली. चव्वेचाळीस वर्षांत तिला याची सवय झाली होती. राग येत नव्हता असं नाही. राग यायचा, पण तो ती गिळायची, आणि गिळलेला राग काही पचत नसतो.

बारामतीत पाइप-फिटिंगच्या दुकानावर तिची एक खोली आहे. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकी पोत्यांनी बुजवलेली. तोच तिचा स्टुडिओ. गावात रिक्षा फिरवून जी जाहिरात होते, ती तिथं रेकॉर्ड होते. मार्केट यार्डातल्या सूचना, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, जयंतीची गाणी, लग्नातल्या मंगलाष्टका, सगळं तिथंच. पुण्यातले रेकॉर्डिस्ट गाणं तयार झालं की भारी स्पीकरवर ऐकतात. ज्योत्स्ना ते पेन ड्राइव्हमध्ये घालते आणि खाली उभ्या असलेल्या कुठल्यातरी ट्रॅक्टरवर वाजवून बघते. उसाच्या ट्रॅक्टरवर इंजिन चालू असताना शब्द कळले, तरच ते गाणं तिच्या लेखी झालं. यावर कुणी हसलं, तर ती विचारते, "तुमचं गाणं ऐकणार कोण हाय? पुण्यातला स्पीकर, का आमचा ट्रॅक्टरवाला?"

एक गोष्ट मात्र विचित्र होती. दुसऱ्यांचे आवाज टिपणारी ही बाई स्वतः माईकवर कधी बोलत नसे. माईक तपासायचा झाला तरी नखानं टकटक करी, नाहीतर समोरच्याला बोलायला लावी. लोक म्हणत, लाजते. लोकांचं काय, काहीही म्हणतात.

शिबिराला पोरं आली ती कुठून कुठून. माळेगाव, भिगवण, सणसर, इंदापूर. कुणाकडं तबला, कुणाकडं हार्मोनियम, एकाकडं आजोबांची सनई. त्यांना वाटलं होतं की स्टुडिओ म्हणजे काचेची खोली आणि लुकलुकणारे दिवे. ज्योत्स्नानं पहिल्या दिवशी त्यांना वर्गातला पंखा बंद करायला लावला.

"ताई, मरतोय की आमी उकाड्यानं," पोरं ओरडली.

"मरत नाही कुणी. पंखा गातो, हे आजवर ऐकलंत का कधी? आता ऐका." तिनं पंखा लावला, आवाज टिपला, पोरांच्या कानाला हेडफोन लावला. कानात भोवऱ्यासारखी घरघर ऐकून पोरं थक्क झाली. मग तिनं भरतकामाची रिंग घेतली, तिच्यावर जुना पातळ मोजा ताणून बसवला आणि माईकपुढं लावला. 'प' आणि 'भ' म्हणताना तोंडातली हवा माईकवर आदळते, ती अडवायला. तोंड माईकपासून वीतभर लांब. हातात बांगडी नको, खिशात चिल्लर नको. आणि गाणं सुरू करण्याआधी एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही, खोलीची शांतता टिपायची. बावीस पोरं एक मिनिट गप्प बसली. शिबिरातलं हे सगळ्यांत अवघड काम होतं.

आणि मग तिचा नियम. हा नियम तिच्या वडिलांचा, नानांचा. नाना ओहोळ बावड्याचे साउंडवाले. कर्णे, मशीन आणि वायरींची पेटी सायकलवर लादून त्यांनी तालुका पालथा घातला होता. नानांच्या माईकवर यायचं तर आधी नाव सांगायचं. पूर्ण नाव, गाव, मगच पुढचं. सरपंच असो नाहीतर शेंबडं पोर असो. एका पुढाऱ्यानं नाव सांगायला नकार दिला, तर नानांनी मशीनचं बटणच बंद केलं होतं म्हणतात. ज्योत्स्नानं त्यात स्वतःची भर घातली होती. गाणाऱ्यानं नाव सांगायचं, आणि पाठोपाठ रेकॉर्डिंगचं बटण दाबणाऱ्यानंही.

"बटण दाबणाऱ्याचं कशाला?" एकानं विचारलं.

"कारण त्यानं दाबलं नाही, तर तुझं गाणं हवेत जातं," ज्योत्स्ना म्हणाली.

बावीस पोरांत दोन पोरी वेगळ्या निघाल्या. एक सोनम खोमणे, सोमेश्वरनगरची. बाप जोतीराम कारखान्यात हंगामी कामाला. सोनमचा आवाज जाड, थोडा खरखरीत, पण एकदा कानात शिरला की निघत नसे. कारखान्याच्या भोंग्यावर तिनं स्वतःच एक गाणं जुळवलं होतं:

भोंगा झाला गं, पहाट फुटली,
आई माझी गं, चुलीशी उठली.

दुसरी स्वराली, खुद्द माधवीताईंची मुलगी. तिला आईनं गायला पाठवलं होतं, पण तिला गाण्यात गोडी नव्हती. तिला कान होता. कुठला माईक किती लांब ठेवायचा, कुठं आवाज फाटतो, हे तिला न सांगता कळे. भोंग्याच्या गाण्याच्या तिसऱ्या टेकला, म्हणजे ते तिसऱ्यांदा टिपताना, तिनं ज्योत्स्नाला थांबवलं आणि म्हणाली, "ताई, माईक जरा खाली घेऊ? ती वर बघून गातेय, पण आवाज छातीतून येतोय." ज्योत्स्ना बाजूला झाली. तो टेक असा उतरला की सगळ्या पोरांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. टेकच्या सुरुवातीला दोघींची नावं होती. "मी सोनम जोतीराम खोमणे, सोमेश्वरनगर." मग थोडा लाजरा दुसरा आवाज: "रेकॉर्डिंग, स्वराली यशराज घाडगे, बारामती. टेक तिसरा."

पाचव्या दिवशी माधवीताई पोरांना भेटायला आल्या. खुर्चीत बसल्या, घाम टिपला आणि प्रेमानं म्हणाल्या, "मुलांनो, मीसुद्धा तुमच्याएवढी असताना बावड्याच्या शाळेत गॅदरिंगला गाणं म्हटलं होतं बरं का. 'शेवंतीच्या फुला'. सगळं गाव अगदी स्तब्ध होऊन ऐकत होतं. ज्योत्स्ना, तूही तिथलीच ना? तुला आठवत असेल!"

ज्योत्स्ना वायर गुंडाळत होती. तिचा हात तिथंच थांबला.

आठवत असेल म्हणजे काय! तिला त्या दिवसाचा वाससुद्धा आठवत होता. ती दहा वर्षांची होती. शाळेतल्या बाईंनी वर्गातून आवाज निवडला तो तिचा. पण रंगीत तालमीच्या दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी रेशमी परकर घालून आली, तीच ही माधवी. माधवीला गाता येत नव्हतं आणि अध्यक्षांना ती मध्यभागी हवी होती. मग मोठ्या माणसांनी मिळून तोडगा काढला. माधवी पुढं उभी राहील आणि ओठ हलवेल. ज्योत्स्ना पडद्यामागून गाईल. गाव स्तब्ध झालं ते खरं होतं. टाळ्याही पडल्या, बक्षीसही मिळालं, आणि ते घ्यायला गेली माधवी. आणि पडद्यामागं ज्योत्स्नापुढं तो माईक लावून दिला होता नानांनी. स्वतःच्या हातानं. मशीन त्यांचंच होतं. ते एक शब्द बोलले नव्हते.

ज्योत्स्नाला आधी वाटलं, बाई खोटं बोलतेय. तिनं माधवीताईंच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. तिथं खोटं नव्हतं. त्या बाईला खरोखर वाटत होतं की आपण गायलो. चौतीस वर्षं सांगून सांगून ते गाणं तिचंच झालं होतं. खोटं बोलली असती तर परवडलं असतं, असं ज्योत्स्नाला वाटून गेलं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं.

सातव्या दिवशी एक केबल बिघडली म्हणून ती दुपारी तासभर बाहेर गेली. परतली, तर वर्गात शूटिंगवाल्यांचे दिवे. माईकपुढं स्वराली, नवी पैठणी, कानाला हेडफोन. स्पीकरवर वाजत होता तिसरा टेक, पुढची नावं कापून. स्वराली ओठ हलवत होती. आणि कॅमेऱ्याच्या खाली, फरशीवर मांडी घालून बसली होती सोनम. स्वराली चुकू नये म्हणून ती प्रत्येक ओळ न आवाज करता तिला दाखवत होती.

ज्योत्स्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं जाऊन स्पीकरची पिनच उपटली.

"हे काय चाललंय?"

माधवीताई मागं खुर्चीवर होत्या. "अगं, समारोपाला फिल्म दाखवायचीय. पाहुणे यायचेत. इंटरनेटवरही टाकायचीय. जरा बघण्यासारखं नको का?"

"आवाज सोनमचा आहे."

"मग तोच तर ठेवलाय! कुठं बदललाय? शेवटी पाटीवर येईलच की, 'गायन: शिबिरातील मुले'. सगळ्यांनाच श्रेय."

"अन् स्वरालीनं जे केलं, त्याचं श्रेय? तो टेक तिनं घेतलाय. असा माईक लावणारी पोर मी वीस वर्षांत पाहिली नाही."

माधवीताई हसल्या. "बटणं दाबायला का मी तिला गाण्याला घातलंय?"

स्वरालीनं मान खाली घातली. ते पाहून ज्योत्स्ना आणखी भडकली. म्हणजे एकीचा आवाज घेतला, दुसरीचा हात घेतला, आणि वर दोघींवर उपकार!

ती सोनमकडं वळली. "तुला चालतंय हे?"

सोनमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "चालतंय की ताई. आवाज तर माजाच हाय न्हवं? मी कुठं दिसायला बरी हाय."

हे वाक्य ज्योत्स्नाच्या काळजात घुसलं. अकरा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं हे? कुणीच शिकवलं नव्हतं, म्हणूनच तर चीड यावी असं होतं. ती माधवीताईंना सरळ म्हणाली, "ताई, 'शेवंतीच्या फुला' तुम्ही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. पडद्यामागून."

माधवीताई दुखावल्या सुरात म्हणाल्या, "काहीतरीच काय, ज्योत्स्ना? इतक्या वर्षांनी असं बोलायचं? मला माझं गाणं आठवत नाही का?"

दुसऱ्या दिवशी रविवार, शिबिराला सुट्टी. ज्योत्स्ना सकाळीच इंदापूरमार्गे बावड्याला गेली. नाना ओट्यावर बसून जुन्या रेडिओची कळ साफ करत होते. वय शहात्तर, हात अजून स्थिर. आई, मालनबाई, चहा ठेवायला आत गेली. ज्योत्स्नानं पाणीसुद्धा न पिता तोंड उघडलं.

"नाना, त्या गॅदरिंगला तुम्ही का गप्प बसला?"

कुठलं गॅदरिंग, असं नानांनी विचारलं नाही. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"चौतीस वर्सं मी वाट बघतोय तू इचारायची," ते म्हणाले. "मला भ्या वाटलं, बाय. त्या मानसाच्या हातात शाळा हुती. तुझं नाव काढून टाकलं आसतं तर? मशीनचं बटन माझ्या बोटाखाली हुतं. दाबलं आसतं तर सगळं बंद पडलं आसतं. न्हाय दाबलं."

"मला एक शब्द तरी बोलायचात!"

"काय बोलनार? त्या दिसापासनं माझ्या माइकवर नाव सांगितल्याबिगर कुनाला बोलू दिलं न्हाय. तू बारकी हुतीस, तुला वाटलं आसंल बापाची खोड हाय. माझ्याच मशीनवर माझ्या लेकीचा आवाज गेला अन् नाव दुसरीचं झालं. ते पुन्यांदा कुनाचं व्हऊ द्यायचं न्हाय, येवढंच मला जमलं."

ज्योत्स्ना इतकी वर्षं बापावर मनातून रागावलेली होती. तिला वाटलं होतं, तो विसरला. आणि हा माणूस रोज, प्रत्येक माईकवर, तेच एक प्रायश्चित्त घेत होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

नाना उठले, आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात कॅसेटी होत्या. त्या काळी नाना प्रत्येक कार्यक्रम मशीनवर टिपून ठेवत. एका कॅसेटीवर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'बावडा शाळा, गॅदरिंग'. आणि खाली, दोनदा गिरवून: 'आवाज, ज्योत्स्ना'.

सोमवारी सकाळी, शिबिराच्या आधी, तिनं माधवीताईंना स्टुडिओत बोलावलं. एकटीला. गोधड्यांच्या त्या खोलीत त्यांना खुर्ची दिली आणि कानाला हेडफोन लावला. कॅसेटीची खरखर सुरू झाली. मग कर्णे चालू होण्याआधी टिपला गेलेला शाळेतल्या बाईंचा दबका आवाज, चौतीस वर्षांपूर्वीचा: "माधवी, तू नुसते ओठ हलव. आवाज नको काढू. ज्योत्स्ने, पडद्याच्या बाहेर दिसायचं नाही हं." आणि मग गाणं.

ज्योत्स्ना त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. पहिल्या कडव्यापर्यंत माधवीताई ओढूनताणून हसत होत्या. दुसऱ्या कडव्याला हसू गेलं. तिसऱ्याला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कुणाकुणाला ऐकवलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

बघा आता! चुकलं, वाईट वाटलं, असं काही नाही. कुणाकुणाला ऐकवलंस!

"कुणालाही नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि ऐकवणारही नाही. ऐकवायचं असतं तर तुम्हाला एकटीला बोलावलं नसतं. पण तुम्ही मनापासून समजत होता की तुम्ही गायलात. उद्या तुमची स्वरालीही तसंच समजेल. तिला खरं जे येतं, ते तिचं तिलाही कळायचं नाही. अन् सोनम माझ्यासारखी दुसऱ्याचे माईक पुसत बसेल. ते मी होऊ देणार नाही. फिल्म नको. टेक वाजवा, दोघींच्या नावासकट. नाव काढायचं असेल तर आवाजही काढा."

"आम्ही लहान होतो ग तेव्हा," माधवीताई पुटपुटल्या.

"व्हय. मीबी ल्हानच हुते."

माधवीताई उठल्या. दारात थांबून, मागं न बघता म्हणाल्या, "कर तुला काय करायचं ते." माफी नाही, काही नाही. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

समारोप बुधवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर झाला. नाना बावड्याहून एसटीनं आले आणि डाव्या स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसले. फिल्मचा पडदा लावलाच नव्हता. ज्योत्स्नानं मशीनपुढं स्वरालीला बसवलं आणि स्वतः मागं उभी राहिली. स्वरालीनं बटण दाबलं. आधी एक मिनिट वर्गाची शांतता. लोक चुळबुळले, कुणीतरी म्हणालं, मशीन बंद पडलं वाटतं. आणि मग अख्ख्या मैदानावर, पार रस्त्यावरच्या रिक्षांपर्यंत: "मी सोनम जोतीराम खोमणे, सोमेश्वरनगर." "रेकॉर्डिंग, स्वराली यशराज घाडगे, बारामती. टेक तिसरा."

मागच्या रांगेत जोतीराम ताडकन उभा राहिला. लेकीचं नाव एवढ्या मोठ्यानं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत तो उभाच होता, आणि मागच्यांनी त्याला बस म्हटलं नाही. पाहुण्यांनी दोन्ही पोरींना मंचावर बोलावलं. माधवीताई पहिल्या रांगेत मोबाइलमध्ये बघत होत्या. टाळ्या मात्र त्यांनीही वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्यावर.

मग आभार. माधवीताईंनी पाहुण्यांचे मानले, देणगीदारांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले. शेवटी म्हणाल्या, "आणि या शिबिरासाठी राबणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार." ज्योत्स्ना मशीनजवळ उभी होती, पंधरा पावलांवर. अज्ञात म्हणे! नानांनी हातातली काठी जमिनीवर आपटली.

पण सोनम अजून मंचावरच होती. तिनं स्टँडवरचा माईक काढला आणि पायऱ्या उतरून वायर ओढत सरळ मशीनपाशी आली. वायर पुरेना, तेव्हा स्वरालीनं पेटीमागून ती मोकळी करून दिली.

"ताई, तुमी घ्या."

ज्योत्स्नानं सवयीनं माईकवर नखानं टकटक केलं आणि तो परत द्यायला लागली.

"आसं न्हाय," सोनम म्हणाली. माईक चालू होता, सगळ्या मैदानानं ते ऐकलं. "आधी नाव सांगायचं."

लोक हसले. ज्योत्स्ना हसली नाही. तिनं स्पीकरशेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. नाना काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होते. तिनं माईक वीतभर अंतरावर धरला.

"मी ज्योत्स्ना नाना ओहोळ, बावडा," ती म्हणाली. आवाज थोडा फाटला. "टेक दुसरा."

आणि चौतीस वर्षांनी, सगळ्यांसमोर उभं राहून, तिनं 'शेवंतीच्या फुला' म्हणायला सुरुवात केली.